आंधळी मोजणी

काचपट्टीवरची कागदी पट्टी अगदी सरळ, चारही कोपरे दाबून बसवलेली – म्हणजे हा मेंदू बिघडलेल्या पिल्लाचा, असं तिच्या मनात आलं आणि ती दचकलीच... कारण कुठला मेंदू कुणाचा हे तिला कळू नये, म्हणून तर पट्टीखाली नंबर झाकलेला होता.

दोन वर्षं ती हेच मोजत होती : उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत आत जन्मलेल्या पेशी वरच्या थरापर्यंत किती चढल्या, मध्येच किती बसल्या. धडधाकट पिल्लात नवी पेशी जुन्यांना ओलांडून वर जाते; जनुक बिघडलेल्यात निम्म्या वाटेतच ठिय्या देते – जिन्यात गप्पा मारत थांबलेल्या तिच्या दोन आत्यांसारखी, ना वर ना खाली, आणि वाट मात्र सगळ्यांची अडवलेली. आज पाचला मोजणीचे आकडे प्रयोगशाळेच्या सरांकडे जायचे. ते पटले की तिची नोकरी आणखी तीन वर्षं पक्की.

"ताई, काही पट्ट्या सरळ, काही तिरक्या, असं का हो?"

मेंदूचे काप करणाऱ्या ताई हातमोजे ओढत म्हणाल्या, "अगं, ती आजारी पिल्लं झोकांड्या खातात बघ. जीव तुटतो. त्यांचं तरी नीट नको करायला? धडधाकटांचं काय, कसंही चालतं."

म्हणजे ताईंची माया... आणि माझं काय? मला कधीपासून ठाऊक होतं? पहिल्याच महिन्यापासून, बहुधा – दोन थरांच्या काठावरची पेशी दिसली, की पट्टी सरळ असेल तर अंगठा मोजयंत्रावरचं मधल्या थराचं बटण दाबायचा, तिरकी असेल तर वरच्याचं. अंगठाच तो, त्याला कोण जाब विचारणार! घरी तरी वेगळं काय – 'जेवलीस का?' मोठ्या जाऊबाईंनी विचारलं की टोमणा, धाकटीनं विचारलं की काळजी.

"ताई, नवे नंबर टाकून सगळ्या पट्ट्या पुन्हा लावाल? एकसारख्या?"

"आत्ता? मी काही फेरफार केलेला नाही हं!"

"तुम्ही नाही हो. मी केलाय."

बोलून गेली खरी. ताईंनी फुरंगटून पट्ट्या लावल्या, सगळ्या सारख्याच तिरक्या. पाचला दहा मिनिटं कमी होती आणि सगळं पुन्हा मोजावं लागेल, हा सरांना लिहायचा निरोप अजून 'सर,' इतकाच झाला होता. तिने एक काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. काठावरच एक पेशी... अंगठा दोन बटणांच्या मध्ये अवघडून उभा. कुणाची ही, काही कळेना – आणि दोन वर्षांत प्रथमच तिला पेशीकडे नीट बघावं लागलं.