अकरा वेळा दाबलेले बटण

“काकू, यंदा गाण्यासाठी तुम्ही नाव काहून नाही दिलं?”

दारातच प्रणोतीने एका दमात विचारले. “हिंमत असेल तर विचारून दाखव,” असे वैष्णवीने तिला सगळ्या मैत्रिणींसमोर म्हटले होते. इंदिराकाकू शाळेतून निवृत्त झाल्या, तरी मुली अजून त्यांना घाबरतात. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मला उचलून तिच्या हातात दिले.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. दहा वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाने मला आणले, तेव्हा माझे केवढे कौतुक! नातवाचा पहिला दात काकूंनी माझ्यावरच पाहिला. पुढे माझी काच तडकली. कंपनीनेही माझ्यात नवे काही भरणे बंद केले.

मंडळाच्या गणपतीत पहिले पद काकूंचे असायचे, चोवीस वर्षे. यंदा नावे वेबपानावर द्यायची होती. पान प्रणोतीने बनवले होते, आणि तिचे बाबा फॅक्टरीत भेटेल त्याला ते दाखवत होते.

“नाव लिहिलं, बटण दाबलं,” काकू म्हणाल्या. “अकरा वेळा. काहीच झालं नाही. वाटलं, आता नको असेन मी.”

“अहो काकू, टॅबच खटारा आहे! माझ्या फोनवर तर मस्त चालते. द्या, पाहते मी.”

खरे सांगू? मलाही माझीच चूक वाटत होती.

घरी तिने कोडमधली एकेक ओळ काढली आणि दर वेळी माझ्यावर बटण दाबून पाहिले. सोळा ओळी गेल्या तरी ते मुकेच. सतरावी गेली आणि चालले! त्या ओळीत प्रश्नचिन्हाला चिकटून एक ठिपका होता. जावास्क्रिप्ट लिहायची ती नवी रीत. माझा ब्राउझर तिच्या आधीचा. तो तिथे अडला आणि त्याने सगळा कोडच सोडून दिला. दाबल्यावर काय करायचे, हे बटणाला कोणी सांगितलेच नव्हते. प्रणोतीने तीच गोष्ट जुन्या रीतीने लिहिली. आता फोनवरही चालले, माझ्यावरही.

“मी फक्त माझ्याच फोनवर पाहिलं होतं,” ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, तुम्हीही असे काही बनवाल. ते एकदा माझ्यासारख्यावरही उघडून पाहा. माझ्या तडकलेल्या काचेवर कोणाचे तरी बोट असते.

ती मला घेऊन तशीच स्वयंपाकघरात गेली.

“आई, बाबा, ऐका. यादी भरली आहे. पहिला नाच माझा आहे ना, तो मी सोडून राहिली. ती वेळ काकूंची. आणि चूक माझ्या पानाची होती, हे मंडळात मीच उभी राहून सांगणार. बाबा, तुम्ही फॅक्टरीत ज्यांना ज्यांना दाखवलं ना, त्यांनाही.”