जड हात

दादाच्या छातीवरचे केस काढायचे कुणी, यावरून त्या घरात धुसफूस चालली होती. एरवी असल्या प्रश्नाला कुणी हिंग लावूनही विचारलं नसतं. पण दादाचा धंदाच तो होता. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि त्या भागातल्या निम्म्या हनुवट्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. आता त्याच्या हृदयातली एक झडप निबर झाली होती. छाती उघडायची, जुनी झडप काढून टाकायची आणि नवी बसवायची, असं ठरलं होतं. उद्या सकाळी दाखल व्हायचं, परवा ऑपरेशन.

एवढं ठरेपर्यंतच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. आधीची एक तारीख दादाच्या दाढेनं खाल्ली. दाढ किडलेली निघाली, आणि डॉक्टर म्हणाले, आधी ती काढा, हिरडी भरू द्या, मग या. तोंडातला जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसला तर सगळंच मुसळ केरात. दुखणं छातीत आणि काढायची दाढ, हे दादाला काही केल्या पटेना. पण काढली. हिरडी भरत होती तेवढ्यात दुकानात बेसिनपाशी उभ्या उभ्या त्याला भोवळ आली, आणि छोट्यानं धरला म्हणून डोकं फुटायचं वाचलं. त्यानंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता लांबवू नका.

छोट्या म्हणजे दादाचा धाकटा भाऊ. पन्नाशीला टेकला होता, डोक्यावरचे केस कधीच गेले होते (टकलू न्हावी म्हणून गिऱ्हाइकं यथेच्छ हसून घेत), पण नाव छोट्या ते छोट्याच. दादा आजारी पडल्यापासून दोन्ही खुर्च्या तोच ओढत होता. सकाळी दुकान, दुपारी दवाखान्याच्या खेपा, संध्याकाळी परत दुकान. पायाच्या नसा टरारून फुगलेल्या असत. घरी येऊन जेवताना घास हातात धरून तो डुलक्या काढायचा. वैतागायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते आता उरलं नव्हतं.

धुसफूस सुरू झाली ती दुपारी जेवताना इस्पितळातून आलेल्या फोनवरून. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "येताना फक्त अंघोळ करून या. बाकी सगळं आम्ही बघतो."

"बाकी म्हणजे काय?" दादानं विचारलं.

"अंगावरचे केस वगैरे काढायचे असतात ना, ते."

दादानं फोन ठेवून दिला, तो पुढचं काही न ऐकताच. "कुणीतरी पोरगं येणार आणि माझ्यावर हात साफ करून घेणार," तो म्हणाला. "उभ्या जन्मात या अंगाला परका वस्तरा लागलेला नाही."

"अहो, ते लोक रोजच करतात," वहिनी म्हणाली.

"रोज करतात म्हणजे नीट करतात असं कुठंय? तुझा भाऊ रोज गाडी चालवतो."

वहिनीनं तोंड फिरवलं. तिच्या भावाच्या गाडीचे दोन्ही दरवाजे चेपलेले होते.

"छोट्या करेल," दादा म्हणाला.

छोट्याचा घास तोंडातच राहिला. इतकी वर्षं एका दुकानात काढली, पण दादानं आपला गाल त्याच्या हाती कधी दिला नव्हता. स्वतःची दाढी तो रोज आरशात बघून स्वतः करायचा. आणि छोट्याच्या कामाला त्याचं एकच शेलकं वाक्य असायचं, "हात जड आहे तुझा." गिऱ्हाईक खूश होऊन गेलं, तरी पाठीमागून हे वाक्य यायचंच. दादानंच त्याला वाढवलं, दादानंच शिकवलं, तेव्हा उलटून बोलायची सोय नव्हती. छोट्या ते ऐकायचा आणि टॉवेल झटकायचा.

संध्याकाळी त्यांनी शटर अर्धं ओढलं. दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला, म्हणजे दोनदा थांबून, धापा टाकत चढला. सदरा काढला तेव्हा छोट्याला आरशात बघवेना. एके काळी दोन पोती उचलणारा माणूस, आणि आता बरगड्या मोजून घ्याव्यात.

"पाणी कोमट घे," दादा म्हणाला. "पातं नवं लाव. आणि वस्तरा उलटा फिरवू नकोस."

"हो."

"फेस दाट हवा."

"दादा, मी आज शिकायला आलेलो नाही."

दादानं मान मागे टेकली. छोट्यानं फेस लावला, कातडी ताणायला डावा तळवा त्याच्या छातीवर टेकवला, आणि त्याचा हात तिथेच थबकला. हृदयाचे ठोके त्याला ठाऊक होते. हे ठोके नव्हते. तळव्याखाली काहीतरी घरघरत होतं, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं तसं. त्या निबर झडपेतून रक्त कसंबसं वाट काढत असणार. डॉक्टरांनी कितीदा समजावलं होतं, पण दादा मरू शकतो हे छोट्याला त्या क्षणी, त्या तळव्यातून कळलं. त्याला फार भीती वाटली. तरी त्यानं वस्तरा खाली आणला, हलकेच, फेसाचा एकेक पट्टा उचलत.

दादानं डोळे मिटले होते. झोप लागली असावी असं वाटत होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "छोट्या, मी परत आलो नाही तर..."

"गप्प बस तू."

"अरे, आधी ऐकून तर घे," असं म्हणत दादा छोट्याकडे तोंड करायला म्हणून एकदम वळला.

छातीच्या मधोमध, हाडावर, लाल रेघ उमटली. मोठी नव्हती, नखाएवढी. पण रक्त मिसळून फेस गुलाबी झाला.

"काय सांगत होतास?" छोट्यानं कापूस दाबत विचारलं.

"काही नाही. तुरटी लाव." दादानं आरशात त्या रेघेकडे पाहिलं. मग सवयीनं म्हणाला, "हात जड तो जडच."

छोट्यानं तुरटी लावली. उरलेलं काम त्यानं पूर्ण केलं, वस्तरा धुतला, शटर लावलं. घरी गेल्यावर जेवण नको म्हणाला.

सकाळी इस्पितळात सगळं भराभर झालं. मनगटाला पट्टी बांधली, रक्त काढून नेलं, निळा अंगरखा घालायला दिला. तपासायला आलेल्या सिस्टरनं अंगरखा बाजूला सारला आणि तिचा चेहराच बदलला. रात्रीतून छातीवर लालसर पुरळ उठलं होतं. मधली रेघ सुजून वर आली होती. ती बाहेर गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर वाकून बघत राहिले. तेही थकलेले दिसत होते. "वस्तरा?" त्यांनी विचारलं.

"हो," वहिनी म्हणाली.

"वस्तरा चालत नाही हो. आम्ही मशीननं केस कापतो, तेही अगदी ऐन वेळी. वस्तऱ्यानं बारीक बारीक खरचटतं आणि त्यात जंतू धरतात. आणि हा काप तर नेमका आम्ही जिथून छाती उघडणार तिथेच आहे." ते सरळ उभे राहिले. "उद्या करता येणार नाही. हे भरू दे. आठ-दहा दिवस तरी जातील."

वहिनी मटकन स्टुलावर बसली. "मी सांगत होते," ती म्हणाली, "मी सांगत होते की नाही?" आणि तिला रडू फुटलं. इतके महिने ती रडली नव्हती.

"पण तुम्हीच म्हणालात ना, लांबवू नका," छोट्या म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "या आठ दिवसांत काही झालं तर?"

"जपायचं," डॉक्टर म्हणाले. "जिने चढायचे नाहीत. भोवळ आली तर लगेच इकडे आणायचं." याहून जास्त त्यांनाही सांगता येत नव्हतं, हे दिसत होतं. मग त्यांनी त्या रेघेकडे परत एकदा पाहिलं. "कुणी केलं हे? घरी कुणी शिकाऊ माणसानं वगैरे केलं का?"

छोट्यानं तोंड उघडलं. 'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण आधी त्यानं दादाकडे पाहिलं आणि मनाची तयारी केली. दादाचा राग त्याला लहानपणापासून ठाऊक होता. या तारखेसाठी दाढ गेली होती, महिने गेले होते, काल रात्री दादा म्हणालाही होता की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आता तो चारचौघांत काय बोलेल ते बोलेल, आणि बोलायचा त्याला हक्क होता.

दादा धाप आवरत उशीवरून थोडा वर सरकला.

"शिकाऊ नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "माझा भाऊ आहे. कारागीर पक्का आहे. गिऱ्हाईक हललं."

डॉक्टरांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली, सिस्टरला मलमाचं सांगितलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

वहिनी डोळे पुसून सामान आवरायला लागली. दादानं अंगरखा उतरवला, सदरा अंगात घातला आणि बटणांशी झटापट करून दमला. छोट्या पुढे झाला. पण त्याच्या हातून एक बटण काजात जाईना. वरचं सुटलं, खालचं चुकीच्या काजात गेलं, परत काढावं लागलं. सगळी बटणं लागेपर्यंत दादा मान वर करून, जराही न हलता बसून राहिला.