खंडेनवमीची डिस्क

फारूकचं लग्न झालं त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवला, खंडेनवमीच्या दिवशी त्याची बहीण आयेशा सांगलीतल्या हळदीच्या पेढीवर एकटीच कॉम्प्युटरशी झुंजत होती. जाड फ्लॉपीसारखी एक झिप डिस्क तिला बाहेर काढायची होती. वर्षाच्या आवकेचा सगळा हिशेब तीत भरलेला, आणि ती न्यायला साताऱ्याचा टेंपो दारात उभा. डिस्क दिली की आयेशा आटपाडीला घरी जायला मोकळी. अब्बांनी अन्न सोडलंय, असा आईचा सकाळीच फोन आला होता.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सला डिस्क सोड म्हणावं, तर उत्तर एकच, ‘डिव्हाइस बिझी’, म्हणजे डिस्क वापरात आहे. आपली सगळी कामं तिनं बंद केली. पुन्हा तेच. ओढून काढावी, तर वर्षाचं मातेरं. कुणाचंही काम बंद करू शकणारा मोठा पासवर्ड मालकांपाशी आणि मालक तुळजापूरला.

वजनकाट्यावरचे दादासो प्रसाद घेऊन आले. “खोबरं घे. कवाची त्या डब्यावर डाफरतीयास?”

“काका, कुणीतरी ही डिस्क उघडून बसलंय.”

“आज कोण बसंल? समदी सुट्टीवर.”

“तुमची काट्यावरची मशीन? ती यालाच जोडलीय.”

“मालवलीया. पूजा मांडलीया तिची.”

ती काट्याच्या खोलीत धावली. पडद्यावर झेंडूची माळ, पुढं कुंकू लावलेली वजनं. पडदा काळा होता, पण कीबोर्डावरचा दिवा जळत होता.

“नुसता पडदा मालवलाय तुम्ही. काल वजनांच्या नोंदी चढवल्यात, त्या डिस्कवरनं बाहेरच पडला नाहीत.”

“मग सकाळपास्नं इचारायचं न्हाई व्हय?”

तिनं हात पुढं केला. दादासोंनी आपला आडवा घातला. “आज हत्याराला हात लावायचा न्हाई. उद्या सोनं लुटलं की लाव.”

“अब्बांनी अन्न सोडलंय, काका.”

“अल्लाबक्षनं?” मग वजनांना हात जोडून दादासोंनी स्वतःच माळ उचलली. “लाव.”

तिनं बाहेर पडायचा एक शब्द टाइप केला.

“एवढंच?”

“एवढंच.”

डिस्क सुटली, तोवर आटपाडीची दोनची एस्टी गेली होती. आयेशा आटपाडीला पोचली तेव्हा दिवे लागले होते. अब्बांचे डोळे मिटलेले होते.

“दुपारची एस्टी आली तवा दाराकडं बघत हुते,” आई मेहरुनबी म्हणाली, आणि तिनं लेकीसाठी उशापासची जागा सोडली.

अल्लाबक्ष दसऱ्याच्या पहाटे गेले.