गप्प बसणारे यंत्र

सासूबाईंच्या डाव्या हाताचे तिसरे बोट आखडू लागले होते. डॉक्टरांचा निकाल त्यांनी घरी आणला तो एका वाक्यात: "एवढ्यात वाजवून घ्या म्हणाले." त्यापुढचे वाक्य डॉक्टरांनी उच्चारले नव्हते, आणि उभे आयुष्य व्हायोलिनवर बोटे चालवलेल्या बाईला त्याची गरजही नव्हती.

सुनेचा व्यवसाय ध्वनिमुद्रणाचा. नाटके, व्याख्याने, शाळांची समूहगीते, असे गावभरचे आवाज तिने जपून ठेवले होते. घरातल्या व्हायोलिनचे मात्र धड असे एकही मुद्रण नव्हते. सासूबाईंच्या उमेदीतल्या मैफली शहरातल्या संगीत संस्थेने फितींवर घेतल्या होत्या. पुढे कोऱ्या फिती महागल्या तेव्हा संस्थेने काटकसरीचा ठराव केला आणि त्याच फिती पुसून त्यांवर अध्यक्षांची वार्षिक भाषणे भरली. ती भाषणे आजही कुलूपबंद कपाटात उत्तम स्थितीत आहेत. ती कोणी ऐकत नाही, हा भाग वेगळा. जतन करण्याजोगे काय, हे ठरवताना ऐकण्याची अट त्या संस्थेने कधीच घातली नव्हती.

आता तीच संस्था सासूबाईंची निरोपाची मैफल करणार होती. सासूबाईंनी होकार दिला, पण ध्वनिवर्धक लावायचा नाही या अटीवर. सभागृह लहान, मुद्रणासाठी वेगळी खोली नाही. म्हणजे सुनेला आपला पसारा मंचाच्या पायथ्याशीच, पहिल्या रांगेच्या मांडीला मांडी लावून मांडावा लागणार. तिचा जुना कॉम्प्युटर कामाला लागला की त्याचा पंखा जेवून झोपलेल्या माणसासारखा घोरू लागे. नाटकात ते खपून जाई. एकट्या व्हायोलिनच्या संथ सुरांत खपले नसते. तेव्हा नवा घ्यायचा: लहान, हलका आणि मुख्य म्हणजे गप्प बसणारा.

नवरा जहाजावर नोकरीला, म्हणून दुकानात सासूबाईंखेरीज धाकटा दीरही बरोबर आला. त्याला कॉम्प्युटरमधले कळते असे तो स्वतःच म्हणत असे, आणि इतक्या वेळा म्हणत असे की बाकीच्यांनी वाद सोडून दिला होता.

"वहिनी, हा बघा. तोफ आहे तोफ! काय वाट्टेल ते चालतं याच्यावर."

"मैफलीत तोफ कशाला हो, भावजी?"

"ताकद असलेली बरी. आकडे बघा ना याचे."

सुनेने आकडे पाहिले नाहीत. तिने दुकानदाराला आतली, दार बंद होणारी खोली मागितली. दुकानदाराने कोठारातली जागा दाखवली. तिथे तिने पिशवीतून माइक जोडायची आपली पेटी काढली, तोफेला जोडली, खरोखरीचे मुद्रण सुरू केले आणि रिकाम्या खोक्यावर ऐकत बसली. शेजारच्या खोक्यावर सासूबाई डोळे मिटून बसल्या. भावजी दाराला टेकून उभे.

"कॉम्प्युटर घेताय की जावई पारखताय?"

"जावयाची पावती मिळत नाही. हा परत करता येतो."

एवढ्यात तोफेने श्वास घेतला. आधी हलकेच, मग न लाजता.

"याला दमा आहे," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "दुसरा लाव."

दुसरा करड्या रंगाचा, वहीएवढा, दिसायला अगदीच बापुडा. त्यात पंखाच नव्हता. बराच वेळ गेला तरी कोठारात फक्त बाहेरच्या गल्ल्याचा आवाज येत राहिला. सासूबाई उठल्या आणि त्यांनी त्याला सरळ कान लावला.

"हा जिवंत आहे ना गं?"

"रेकॉर्ड करतोय, आई."

"मग हा मौनीबाबाच घे."

सुनेने मौनीबाबाच्या पोटाखाली तळवा घातला. गरम लागला. पंखा नाही म्हणजे उष्णता बाहेर टाकायची सोय नाही. फार तापला की असा कॉम्प्युटर आपला वेग आपणच कमी करतो, आणि वेग कमी झाला की मुद्रणात मध्येच खंड पडतो. तिने ते दोघांनाही नीट सांगितले. "याच्याकडून एका वेळी एकच काम घ्यायचं. दुसरं सांगितलं की हा तापणार, आणि तापला की हात आखडता घेणार."

"म्हणजे आमच्या ऑफिसातलाच झाला की," भावजी म्हणाले. तोफ नाकारल्याचा राग त्यांनी मनात धरला नाही. उलट घरी आल्यावर मौनीबाबा त्यांनीच हौसेने लावून दिला, त्याचा पासवर्डही त्यांनीच ठेवला. हे येथे नोंदवून ठेवले पाहिजे, कारण उपकार कुठे साठतात ते नंतर कळते.

मैफलीचा पूर्वार्ध निर्विघ्न पार पडला. तिसरे बोट थोडे मागे राहत होते, पण सासूबाई त्याला सांभाळून नेत होत्या, जसे पाय दुखणाऱ्या सोबत्यासाठी, त्याला न जाणवू देता, सावकाश चालावे. मध्यंतरात सून माइकची उंची सारखी करायला मंचावर गेली. तेवढ्यात संस्थेचे चिटणीस भावजींच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. अध्यक्ष परगावी होते. त्यांना मैफल बसल्या जागी पाहायची इच्छा झाली होती. भावजींना संस्थेच्या कार्यकारिणीत जागा हवी होती. या दोन इच्छांच्या मध्ये तो करडा कॉम्प्युटर उघडाच होता आणि त्याचा पासवर्ड भावजींना पाठ होता.

सून टेबलाशी परतली तेव्हा दिवे मंदावले होते आणि उत्तरार्धातला संथ भाग सुरू झाला होता. टेबलावर आपण न लावलेली इंटरनेटची एक निळी वायर तिला दिसली. पडद्याच्या कोपऱ्यात थेट प्रक्षेपणाची खिडकी उघडी होती. तिने तळवा खाली घातला. तवा! मुद्रणाच्या रेषेवर लाल खूण चमकून गेली: पुढची चमकेल तेव्हा काही सूर मुद्रणातून गळणार. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला अध्यक्ष, भावजींची खुर्ची आणि सासरच्या माणसांचा संस्थेतला मान होता. विचार करण्यासारखे पुष्कळ होते. तिने तो केला नाही. खिडकी बंद केली आणि वायर उपटली.

लाल खूण पुन्हा आली नाही.

पहिल्या रांगेत चिटणिसांच्या हातातला फोन मात्र उजळला. ते भावजींच्या कानाशी झुकले आणि, त्यांच्या समजुतीप्रमाणे, कुजबुजले, "लाइन गेली का हो?"

"वहिनींनी वायर उपटली," भावजीही त्याच समजुतीने म्हणाले.

सासूबाईंचा गज थांबला नाही.

पुढच्या रविवारी घरात तिघांनी मुद्रण ऐकले. सूर इतके जवळून येत होते की गज उलटा फिरतानाचा निसटता स्पर्शही कळत होता. मग संथ भाग आला, आणि जिथे पंख्याची घरघर असती तिथे निर्मळ शांतता होती. त्या शांततेत आधी चिटणीस आणि मागोमाग भावजी, अगदी स्पष्ट.

भावजींनी मान खाली घातली. "चुकलंच, वहिनी. आणि ती जागाही गेली. तूर्त विचार नाही म्हणाले."

सुनेने तो तुकडा पडद्यावर आखला. "आई, हे बोलणं काढायचं तर त्याच्याखालचे सूरही जातील. थोडं बोथट करता येईल. नाहीतर हा अख्खा भाग गाळावा लागेल."

"पुन्हा लाव."

तिने लावला. सासूबाईंनी बोट वर केले, तेच, आखडलेले.

"इथे. त्या 'लाइन'च्या खाली घसरलंय माझं."

"मला नाही ऐकू आलं."

"त्याच्या कृपेने." त्या किंचित हसल्या. "इतकी वर्षं त्या संस्थेत आहे, आज प्रथमच उपयोगी पडला. राहू दे."

"आई, शेवटचं रेकॉर्डिंग आहे हे!"

"म्हणूनच. मागच्या वेळी मला पुसून बोलले होते. या वेळी नुसतं वरून बोलले. सुधारणा आहे, बाई."

भावजी चाचरत म्हणाले, "म्हणजे माझाही आवाज राहणार?"

"राहील की. तुला जागा हवीच होती ना?"

सुनेने आखलेली खूण काढून टाकली आणि मुद्रण पुढे सोडले. चिटणिसांचे बोलणे संपले होते. तिसरे बोट, थोडे उशिरा का होईना, पुढच्या सुरावर नेमके येऊन टेकले.