एक घंटी मार

मी जमुना. पार्बताबाईच्या भिंतीले लागून माहं घर, म्हणून हे सारं मले माहीत. नाहीतर दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची मले हौस नाही, गल्लीतले काहीही म्हणोत.

आमच्या अंजनगावात घराघरातले ते जुने तारेचे फोन केव्हाच भंगारात गेले. पार्बताबाईच्या माजघरातला मात्र जागचा हलला नाही. तिच्या पोराचं, गोपालचं, बाजारात फुलाचं दुकान. लग्नाचे हार, मयताचे हार. दुकानाच्या पाटीवर त्याच फोनचा नंबर रंगवेल आहे, म्हणून ठेवला असं तो सांगे. पण हार सांगायले लोकं त्याच्या मोबाइलवरच बोलत. घरातल्या फोनवर धूळ बसे, आन् पार्बताबाई रोज ती पदरानं पुसे.

मागच्या दिवाळीच्या आधी रस्ता खोदता खोदता तार तुटली. जोडून द्यायले कोणी येईना. मंग चंदन आला, इंटरनेटवाला. ओट्यावर बसून सगळ्यायले समजावून सांगू लागला की नंबर तोच राहीन, हातातला फोनही तोच, फक्त आवाज तारेतून न येता इंटरनेटच्या खोक्यातून येईन. मी मधातच तोंड घातलं. म्हटलं, आमच्या इथं दुपारी विजेची लाइन जाते, तवा काय करायचं? चंदन म्हणे, लाइन गेली की खोकं बंद, आन् खोकं बंद की घरातला फोन मुका. पण त्याच्यावरही उपाय होता त्याच्यापाशी. गोपालच्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून देतो म्हणे, घंटी तिथंही वाजन. जो आधी उचलन तो बोलन.

गोपालले काही ते पटलं नाही. घरात दोन दोन मोबाइल असताना हे खोकं कशाले पोसायचं म्हणे. त्याच्या बायकोले, मोनालीले, टीव्हीवर मालिका दिसतीन म्हणून पायजे होतं. घोळ चालला बराच. आन् तेवढ्यात पार्बताबाई आतून बाहेर आली. ज्या बाईनं मिक्सरले सहा वर्षं हात लावला नाही, ती बाई म्हणते, "घे ते खोकं. नंबर जाऊ देऊ नको."

गोपालनं मायकडं पाह्यलं. तो काही बावळट नाही. कोणाचा फोन येते तुले, म्हणून विचारलं त्यानं. ती म्हणे, मले कोण करते बापा, तुह्या बापानं घेतेल नंबर आहे, त्याची तेवढीच निशाणी राह्यली. मंग त्यानं चंदनसमोरच शर्त घातली. सहा महिने पाहू. फोन आले तर ठेवू, कोणी केलाच नाही तर अखजी, म्हंजे अक्षय तृतीया, झाली की खोकं परत. पार्बताबाईनं मान हलवली आन् आत जाऊन बसली.

तिची लेक हर्षा. गोपालच्या पाठची. चार वर्षांखाली अकोल्याच्या एका परजातीतल्या पोराशी लग्न करून निघून गेली. गोपालनं भर गल्लीत सांगतलं होतं की मले बहीण नव्हतीच, आन् ह्या घरात जो तिचं नाव काढीन त्याचं तंगडं तोडीन. पार्बताबाईनं तवापासून खरंच नाव काढलं नाही. आमाले वाटे, काय दगडाची बाई आहे! आता कळते, ती काहून गप होती. दुपारी गोपाल दुकानात, मोनाली झोपलेली, तवा हर्षा अकोल्याहून त्या तारेच्या फोनवर मायशी बोले. पार्बताबाईले आकडे वळखू येत नाहीत, म्हणून ती कोणाले फोन लावू शकत नव्हती. लेकीनं करायचा आन् मायनं वाट पाहायची, एवढाच तो धागा. मले तिनं हे कधी सांगतलं नाही. माह्या तोंडाले कुलूप नाही हे तिले पक्कं माहीत.

खोकं बसलं. दिवाळी झाली. आन् त्याच्यानंतर फोन वाजलाच नाही.

पार्बताबाई मोगऱ्याची पाटी घेऊन फोनपाशीच बसे. दुकानाचे गजरे ती घरीच गुंफे. आठ दिवस गेले, पंधरा गेले, मंग ती माह्या दारात आली. म्हणे, "जमुना, तुह्या मोबाइलवरून एक घंटी मार बरं. खोकं बिघडलं असन." मी मारली. तिच्या घरात खणखण वाजला. ती धावत गेली, उचलून कानाले लावला, आन् भिंतीपलीकडून तिचाच आवाज माह्या मोबाइलमध्ये आला. चांगलं चालते म्हणे.

त्याच्यानंतर तेच. दोन दिवस झाले की, जमुना, एक घंटी मार. मी वैतागली, काय खोटं सांगू. एकदा तर म्हटलं, बाई, फोन धडधाकट आहे, तुलेच कोणी करत नाही त्याले मी काय करू? तिनं पाटी उचलली आन् गेली.

अखजीच्या वक्ताले मी अकोल्याले गेली. माही पोरगी करिश्मा तिथं दिली आहे. तिनं सांगतलं की हर्षा दोन गल्ल्या सोडून राहते. म्हटलं, चला, पोट्टीले पाहून तरी येऊ, गोपालले कोण सांगते.

तो अखजीचाच दिवस होता. आपल्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतेत, वर आंबा ठेवतेत, पुरणाचं पान वाढतेत. हर्षाच्या घरीही घागर मांडेल होती. मले वाटलं, सासरचं कोणी असन. मंग भिंतीकडं पाह्यलं. पार्बताबाईचा फोटो. त्याले मोगऱ्याचा हार, पार्बताबाईच्याच हातची असावी अशी गाठ. मायनंच शिकवली होती ना ती.

हर्षा माह्या गळ्यात पडून रडू लागली. काकू, मायचं शेवटी काय झालं होतं, तिनं माहं नाव घेतलं काय, म्हणून विचारू लागली. मी तिले खाली बसवलं आन् म्हटलं, अव पोरी, तुही माय परवा माह्या दारातून कोथिंबीर घेऊन गेली.

मंग तिनं सांगतलं. दिवाळीनंतर एका दुपारी तिनं फोन लावला. अंजनगावात लाइन गेलेली असन, घरातला फोन मुका, आन् घंटी वाजली ती गोपालच्या खिशात. तिनं माय म्हटलं. तिकडून गोपाल बोलला, "माय गेली. तेरवीही झाली. आता ह्या नंबरावर फोन करू नको." एवढं बोलून त्यानं ठेवला. दिवसभर मयताचे हार विकणाऱ्याच्या जिभेवर हे शब्द असतेतच. त्याले ते काही जड गेले नसतीन. मी हर्षाचा नंबर घेतला आन् म्हटलं, मायले सांगून मीच फोन लावून देते, तवरी तू करू नको.

दुसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरली ते सरळ त्याच्या दुकानात. चार गिऱ्हाइकांसमोर त्याले खडसावलं. जितीजागती माय मारतोस, लाज नाही वाटत? त्यानं सुई थांबवलीही नाही. म्हणे, "ती आमच्यासाठी मेली, माय तिच्यासाठी मेली. फिट्टमफाट झाली, काकू." आन् गिऱ्हाइकाले हार बांधून देला.

मी घरी आली. पार्बताबाईले समोर बसवलं आन् सारं सांगतलं. मले वाटलं, ही आता पोराच्या झिंज्या उपटते. पण तिनं एकच विचारलं. हर्षाले मी मेली हे केव्हा कळलं? म्हटलं, दिवाळीनंतर. ती बोटांवर महिने मोजत बसली, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. मी तवाच थांबायले पायजे होतं. पण मी आपली उतावीळ. माह्या मोबाइलवरून हर्षाले लावलं आन् तिच्या कानाले धरलं.

हर्षा इतकी रडत होती की मले दूर बसूनही आयकू येत होतं. माय, दादा म्हणे तेरवीही झाली, मंग येऊन आता काय पाहू असं वाटलं मले. तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पार्बताबाई शांतपणे म्हणाली, "दारात येऊन रडली असती तरी मी दिसली असती."

पलीकडून हर्षा नुसतं माय, माय करू लागली, तर हिनं तिले मधातच तोडलं.

"घागर भरली ना माही? पुरण खाल्लं ना? मंग राहू दे तशीच."

तिनं मोबाइल माह्या हातात देला. मी म्हटलं, असं नको करू, पोरगी भेली असन, तंगडं तोडीन म्हणेल होता तो. ती म्हणे, मायच्या मयतीलेही जी भावाले भेते, तिची वाट मी पदरानं पुसत बसली. आन् पाटी ओढून गजरा गुंफायले लागली.

त्या दिवसापासून हर्षा सकाळ-दुपार फोन करू लागली. सहा महिने मुका असलेला फोन आता वाजू वाजू घर डोक्यावर घे. पार्बताबाई त्याच्यापाशीच बसे, पण हात फुलातून काढत नसे. मले भिंतीपलीकडं बसवेना. मी जाऊन दोनदा उचलायले गेली, तर तिनं माहा हात झटकला.

शेवटी तिनंच चंदनले बोलावून घेतलं. गोपालही घरी होता. तो ओट्यावर उभा राहून मले आयकू जाईन असं म्हणाला की मी आधीच म्हटलं होतं, आपल्या घराले हे खोकं कामाचं नाही. चंदन भिंतीवरचे खिळे काढत होता आन् तेवढ्यात फोन वाजला. तो बिचारा थांबला, उचलू काय म्हणून विचारलं.

"उचल," पार्बताबाई म्हणाली. "सांग तिले, माय खरंच मेली. भाऊ खोटं नव्हता बोलला."

चंदननं फोनले हात लावला नाही. त्यानं खोक्याची वायर ओढली आन् माजघरात सामसूम झाली. पण गोपालच्या खिशात घंटी वाजतच होती. तो मायकडं पाहत उभा राह्यला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडचं पाणी पळेल दिसलं मले.

"बंद कर ते," ती म्हणाली, आन् त्यानं केलं.