काकाचे कान

“शाळेला नको होतास, आता मलाही नकोस,” काका म्हणाला. “घरी जा आणि आईच्या डोक्यावर बस.”

“शाळेने मला काढलं नाही. मी सोडली.”

“तेवढा तरी उपकार केलास शाळेवर.”

हे सगळं एका काचेवरून. दुकानात रेडिओचे जुने रिसीव्हर दुरुस्तीला येतात, लाकडी खोक्यातले, बैलासारखे जड. त्यातला एक काकाचा स्वतःचा, लग्नाच्या आधी घेतलेला. त्याची समोरची लांब काच काढून मी दोन्ही बाजूंनी स्पिरिटच्या कापसाने पुसली. स्टेशनांचे आकडे काचेच्या आतल्या बाजूने छापलेले असतात आणि ते स्पिरिटला पाघळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याऐंशीपासून अठ्ठ्याण्णवपर्यंत सगळं कापसावर आलं. काकाने कापूस बघितला, काच बघितली आणि माझ्या कानाखाली वाजवली.

त्याचंही मला एवढं काही नव्हतं. पण तेवढ्यात दातांचे डॉक्टर आत आले.

हे डॉक्टर आता दात बघत नाहीत, रिसीव्हर जमवतात. एक आमच्याकडे दुरुस्तीला होता, आणखी तेरा त्यांच्या घरी धूळ खात पडलेले. हा एक पसंत पडला तर तेराच्या तेरा काकाकडे येणार होते. दोन वर्षं तरी काकाला दुसरीकडे बघायला लागलं नसतं. काकू तीन दिवस हेच बोलत होती.

“काय झालं, उस्ताद?” डॉक्टरांनी विचारलं.

“पुतण्या आहे. दगडावर पाणी. नववीत बसला होता, तिथून उठला, आता इथे माझी काच खाल्ली. उद्यापासून याचं स्टूल उचलतो.”

डॉक्टर हसले. मोठ्या माणसाचा शब्द म्हणून हसतात तसे नाही, चांगले पोट धरून. आणि काकाला ते आवडलं, म्हणून त्याने परत एकदा सांगितलं, “नववीतून उठला.”

माझं डोकं सणकलं.

आता एक गोष्ट मला माहीत होती, काकूला माहीत होती आणि बाकी कोणाला नव्हती. काकाला ऐकू येत नाही. तो तुमच्या ओठांकडे बघतो आणि बोलतो, आणि इतकं झकास बोलतो की वर्ष-वर्ष येणारी गिऱ्हाइकंसुद्धा फसतात. मला कळलं ते एकदा त्याच्या मागे पत्र्याचा डबा पडला तेव्हा. मी उडालो, समोरचा शिंपी रस्ता ओलांडून बघायला आला, आणि काका शांतपणे वायरीला कथलाचा डाग देत बसला होता.

पण गिऱ्हाइकं म्हणतात, उस्ताद कानाने स्टेशन लावतो. डोळे मिटून. खरं म्हणजे त्याचे डोळे पूर्ण मिटलेले नसतात, खालून फट असते. आणि त्या जुन्या रिसीव्हरमध्ये बघण्यासारखं इतकं काही असतं की कानांची गरजच पडत नाही. मोठी खुंटी फिरवली की आतली दोरी ओढली जाते, दोरीला अडकवलेला काटा काचेमागे सरकतो. शेजारी दोन छोटी मीटरं. पहिल्याची सुई वर चढली म्हणजे स्टेशन जोरात येतंय, दुसऱ्याची बरोबर मध्ये उभी राहिली म्हणजे नेमकं लागलंय. वर एक लाल दिवा, तो पेटला की आवाज दोन्ही बाजूंनी येतोय. हे सगळं आतल्या आत ठरतं. बाहेर स्पीकर जोडलाय की नाही, याच्याशी त्या सुयांना काही घेणंदेणं नसतं.

एकटा असला की काका स्पीकरवर तळवा ठेवून बघतो. गिऱ्हाइकासमोर नाही. उस्तादाने हात लावून ऐकलं तर तो कसला उस्ताद.

काका डॉक्टरांना बसायला खुर्ची झाडून देत होता. मी टेबलाच्या मागे गेलो आणि दोन्ही स्पीकरच्या वायरी उपसल्या.

काकाने डॉक्टरांच्या रिसीव्हरचं बटण दाबलं. काच हिरवी उजळली. त्याने खुंटीला एक झोका दिला. ती जड असते, हात काढला तरी आपली आपण फिरत राहते. काटा सरसर गेला, काकाने बोट टेकवून थांबवला. सुई चढली. दुसरी मध्ये आली. लाल दिवा पेटला. काकाने डोळे मिटले, म्हणजे मिटल्यासारखे केले, आणि मान हलवली.

“ऐका,” तो म्हणाला. “कुठे खरखर आहे?”

दुकानात घड्याळाची टिकटिक तेवढी होती. डॉक्टरांनी स्पीकरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी ओठांवर बोट ठेवलं, मग कानाला लावलं आणि हात हलवला. दातांचे का असेना, डॉक्टर हुशार. त्यांना एका क्षणात समजलं. मला वाटलं ते म्हणतील, उस्ताद, वायर निघालीय. झालं असतं, तिथेच संपलं असतं.

डॉक्टर खुर्चीत सावरून बसले आणि काकाच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाले, “बाई छान गातेय.”

“हो ना,” काका म्हणाला.

“कोण असेल हो?”

“नाव आठवत नाही. पण गळा ओळखीचा आहे.”

“जरा घोगरी वाटते?”

“सर्दी असेल,” काका म्हणाला आणि स्वतःच हसला. “थांबा, मी जरा घोगरेपणा काढतो.” त्याने आवाज जाड-बारीक करायची खुंटी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे केली, तान ऐकल्यासारखा थांबला. “आता?”

“आता वा. जरा मोठा करा.”

काकाने मोठा केला.

“अजून.”

काकाने अजून केला. मला हसू फुटत होतं. खोटं कशाला बोलू, पोटात कळ येईपर्यंत मी ते दाबलं. नववीतून उठलेला मी, आणि हा बघा तुमचा उस्ताद.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आली. दारातच थांबली. तिने काकाकडे बघितलं, त्या पेटलेल्या दिव्याकडे बघितलं, मग टेबलाखाली लोंबणाऱ्या वायरी तिला दिसल्या. ट्रे खाली ठेवून ती सरळ मागे गेली आणि वायरी खोचल्या. आवाज किती वाढवलाय ते तिला काय माहीत.

दुकान फुटलं. बाई नव्हतीच. एक माणूस गटारं तुंबल्याची बातमी ओरडून सांगत होता. डॉक्टर खुर्चीतून उठले, काकूने कान दाबले, माझ्या कोपराने स्क्रूची डबी सांडली. काका डोळे अर्धे मिटून मान हलवत बसला होता. मग त्याने आम्हाला उडताना बघितलं. तिघांनाही. मान हलायची थांबली. त्याने हळूच हात उचलून स्पीकरवर ठेवला, डॉक्टरांसमोर, आणि तिथून त्याचा हात उठेना.

काकूनेच रेडिओ बंद केला.

“वायर किती वेळ निघालेली होती?” काकाने विचारलं. कोणाला विचारलं ते कळलं नाही, तो सुयांकडे बघत बोलला.

डॉक्टरांनी त्यांचा रिसीव्हर ड्रायव्हरकडून उचलवला. चहा घेतला नाही. पायरीवर मला म्हणाले, “तुझे कान तरुण आहेत. सोमवारी घरी ये.” घरी तेरा सेट. मी हो म्हणालो. का नाही म्हणायचं? स्टूल तर गेलंच होतं.

सोमवारी पहिलाच सेट उघडला आणि त्याची दोरी माझ्या हातात तुटली. नवी घातली. मोठ्या चाकावरून, चार छोट्या चाकांवरून, खुंटीच्या दांड्याला वेढे, शेवटी स्प्रिंग. खुंटी उजवीकडे फिरवली तर काटा डावीकडे पळाला. सोडली, परत घातली. काटा अर्ध्यात अडकला. चार दिवसांत अकरा वेळा घातली. दोरी घालताना मी काकाला शंभरदा बघितलंय, पण बघत नव्हतो, बडबडत होतो. काल डॉक्टर मागे उभे राहून म्हणाले, “उस्तादाला याला किती वेळ लागायचा?” मी दोरीचं टोक शोधत राहिलो. “उद्या दुपारपर्यंत बघ, नाहीतर राहू दे.”

म्हणून आज सकाळी दुकानात गेलो. काका स्टुलावर बसलेला, समोर एकही सेट नाही. गल्लीत बातमी पसरली होतीच. शिंप्याला मीच सांगितलं होतं, हसत हसत.

“काका, दोरीचे वेढे कोणत्या बाजूने घ्यायचे?”

त्याने स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मी टेबलाला वळसा घालून समोर गेलो. त्याने परत फिरवलं.

“काका.”

“मोठ्याने बोल,” तो भिंतीला म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

“दोरी कशी घालायची?”

“अजून मोठ्याने.”

मी ओरडलो. समोर शिंप्याचं मशीन थांबलं.

“अजून.”

घसा फाटेस्तोवर ओरडलो, मला दोरी घालता येत नाही, मला दाखव. गल्लीतली माणसं दारात आली. शिंपी सुई दातात धरून हसत होता. काकू आत होती, ती बाहेर आली नाही.

“नाही बाबा, काही कळत नाही,” काका म्हणाला. “डॉक्टरांना विचार. त्यांना बाईचं गाणंसुद्धा ऐकू येतं.”

मी तिथेच पायरीवर बसून वहीच्या पानावर दोरीचं चित्र काढतोय. चार चाकं आठवतात, वेढे दोन की तीन ते नाही. काकाला मी दिसतोय, तो बघत नाही. फोन दोनदा वाजला, डॉक्टरच आहेत. तिसऱ्यांदा वाजतोय. जायला हवं आता, निघतो.