चष्म्याच्या दुकानातली बाळंतीण

बाईसाहेबांनी पहिलं अंडं घातलं ते चष्म्याच्या डबीत. डबी मखमली अस्तराची, एका गिऱ्हाइकाच्या तयार चष्म्यासाठी उघडी करून ठेवलेली. गिऱ्हाईक आलं, चष्मेकाकांनी मोठ्या अदबीनं डबी पुढे सरकवली, आणि आत चष्म्याच्या जागी सुपारीएवढं पांढरंशुभ्र अंडं. गिऱ्हाइकानं ते नीट निरखलं आणि विचारलं, “हा नवीन नंबर का?”

चष्मेकाका हे दुकानाचे मालक, आणि बाईसाहेब म्हणजे कॉकटील जातीच्या छोट्या पोपटाची मादी. अंग राखाडी, डोक्यावर पिवळट तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके, जणू लाली लावून फोटो काढून घ्यायला निघाली आहे. पण ती काकांची नव्हती. ती ताईची होती, आणि हीच खरी अडचण होती.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. आई सदा आजारी, त्यामुळे काकांना ताईनंच वाढवलं. म्हणजे वळण लावलं. वळणातला मुख्य भाग असा, की बाहेर लख्ख उजेड असतानाच ती काकांना अंथरुणात घालायची. आळीतली बाकीची पोरं आरडाओरडा करत खेळत असायची, आणि काका डोळे मिटल्याचं सोंग करून त्यांचे आवाज ऐकत पडायचे. या गोष्टीला अर्धशतक उलटलं होतं. काकांचे केस गेले, दोन दात गेले, पण हा राग काही गेला नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी ताई दूरच्या गावी निघाली तेव्हा पिंजरा भावाकडे देऊन म्हणाली, “बाळ्या, नीट ऐक. दिवस कलला की पिंजऱ्यावर कापड टाकायचं. खाजवायचं ते फक्त डोक्यावर, पाठीला हात लावायचा नाही. आणि लाड करू नकोस.”

“का गं?”

“सांगितलं ना.”

ताईनं आयुष्यात कधी कारण सांगितलं नव्हतं. हुकूम सोडायचा आणि पुढच्या कामाला लागायचं, ही तिची पद्धत.

पहिल्याच संध्याकाळी काका कापड घेऊन पिंजऱ्यापाशी गेले. खिडकीतून अजून ऊन येत होतं. बाईसाहेबांनी मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी कापडाची घडी घातली, कपाटात ठेवली आणि म्हणाले, “बाईसाहेब, आजपासून तुम्ही सुटलात.” दुसऱ्या दिवशी ते पिंजरा घेऊन दुकानात गेले.

चष्म्याच्या दुकानात काय असतं? आरसे. भिंतीवर आरसे, खांबावर आरसे, काउंटरवर हातात धरायचे आरसे. शिवाय फ्रेमा चकाकाव्यात म्हणून शटर खाली येईपर्यंत जळणारे पांढरे दिवे. बाईसाहेब काउंटरवर मोकळ्या फिरत. आरशातल्या पाखराला वाकून नमस्कार करत, त्याच्या चोचीवर चोच आपटत, आणि दमल्या की खालच्या खणातल्या उघड्या डब्यांत जाऊन बसत. काका काचा पुसायच्या मऊ फडक्यानं त्यांच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवत. मग त्या खाली दबत, शेपटी उचलत आणि बारीक चिवचिवत. “किती लाघवी हो!” गिऱ्हाइकं म्हणत. काकांनाही तसंच वाटे. घरून काकू भिजवलेले दाणे आणि उकडलेला मका पाठवत. सगळं कसं यथासांग चाललं होतं.

पहिल्या अंड्यानंतर दुसरं आलं, मग तिसरं. काका प्रत्येक अंडं लगेच उचलत, पुसत आणि दर्शनी शोकेसमध्ये निळ्या मखमलीवर मांडत. पुढची अंडी त्यांनी मोजलीच नाहीत. शोकेस भरत आली एवढंच खरं. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबू लागली, थांबलेली आत येऊ लागली. “जवळचं नीट दिसतं ना?” असं विचारून काका त्यांना शोकेसपाशी नेत. “त्या कडेच्या अंड्यावर तडा दिसतो का सांगा बघू.” ज्याला तडा दिसे त्यालाही चष्मा लागे आणि ज्याला दिसत नसे त्यालाही. धंदा असा कधी चालला नव्हता.

ताईचे फोन येत.

“लवकर झोपवतोस ना तिला?”

“हो तर.” नेमक्या त्याच क्षणी मागून बाईसाहेबांनी आरशाकडे बघून किंकाळी फोडली.

“मग ही आता कशी जागी?”

“स्वप्न पडलं असेल.”

“अंडंबिंडं नाही ना घातलं?”

“छे, छे.” त्या दिवसाचं अंडं काकांच्या दुसऱ्या हातात होतं, आणि अजून कोमट होतं.

खरं सांगितलं असतं तर दिवे, आरसे, फडकं, एकेक करत सगळंच सांगावं लागलं असतं. एका खोट्यावर दुसरं खोटं मांडणं सोपं होतं. शोकेसमध्ये जागा होतीच.

मग एक दिवस बाईसाहेब पिंजऱ्याबाहेर आल्याच नाहीत. तळाशी बसून राहिल्या. अंग फुगवलेलं, पंख गळालेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती. काकांनी ओळखलं, अंडं येतंय. त्यांनी पिंजरा उचलून काउंटरवर ठेवला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांना म्हणाले, “थांबा, आज प्रत्यक्ष बघायला मिळेल.” माणसं थांबली. कुणी खुर्ची ओढली. एकानं वाकून, जुना चष्मा काढून, नवा घालून पाहिलं. बाईसाहेब डोळे मिटत होत्या, उघडत होत्या. अंडं येत नव्हतं.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी आधी माणसं पाहिली, मग पिंजरा.

“अहो, ही बाळंतीण आहे की तमाशा?”

“येईल आता. रोजचंच आहे.”

“कधीपासून बसलीये?”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. काकूंनी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. “शटर ओढा,” त्या म्हणाल्या. काकू लग्नानंतर इतक्या कमी शब्दांत कधी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काकांनी शटर ओढलं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांचे हात झरझर चालत होते. त्यांनी बाईसाहेबांच्या पोटावरून बोट फिरवलं, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि त्यांना वाफेच्या उबदार पेटीत ठेवलं. “अंडं अडकलंय. वाट बघू या. नाही सुटलं तर मग मला काढावं लागेल, आणि तिच्यात तेवढी ताकद आहे की नाही, सांगता येत नाही.” मग त्या काकांकडे वळल्या. “काका, उजेड किती वेळ असतो हिला?”

“सकाळी दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत.”

“घरी गेल्यावर?”

“घरी मी टीव्ही बघतो.”

“जवळपास आरसा?”

“चष्म्याचं दुकान आहे त्यांचं,” काकू म्हणाल्या.

“बरं. अंधाऱ्या, बंदिस्त जागा? खोकी, खण?”

“डब्या आहेत,” काका म्हणाले. “मखमलीच्या.”

“पाठीवरून हात फिरवता?”

“फडक्यानं. मऊ असतं ते.” हे आपण बचावासाठी बोललो, हे बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“आणि अंडी? काढून घेता?”

“लगेच. स्वच्छता नको का राहायला?”

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. “काका, दिवस मोठा झाला, खाणं मुबलक झालं, घरट्याला जागा मिळाली, की हिला वाटतं अंडी घालायचा मोसम आला. तुमच्याकडे तो मोसम संपतच नाही. त्यात अंडं नाहीसं झालं की तिला वाटतं कुणी पळवलं. ती भरपाई करते. कवचाचं कॅल्शियम ती स्वतःच्या हाडांतून काढते. तुम्ही अंडी तिथेच राहू दिली असती, तर ती बसली असती, कंटाळली असती आणि आपणहून उठली असती.”

“आणि पाठीचं काय?”

“पाठीवरून हात फिरवायचं काम जोडीदाराचं. तिच्या लेखी तुम्ही तिचे यजमान आहात.”

काकूंनी कपाळाला हात लावला. “म्हणजे इतके दिवस मी सवतीला मका उकडून घालत होते!”

डॉक्टरीणबाई हसल्या. काकांना हसता येईना. ते पेटीच्या काचेकडे बघत राहिले. आतून बाईसाहेबांनी त्यांना पाहिलं, आणि तेवढ्या अवस्थेतही तुरा उभा केला.

अंडं सुटलं तेव्हा बाहेरच्या बाकावर काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. डॉक्टरीणबाईंनी अंडं कापसावर ठेवून आणून दाखवलं. त्याला कवच नव्हतंच; नुसता पातळ, सुरकुतलेला पापुद्रा. “बघा,” त्या म्हणाल्या, “हिच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, तरी तिनं घातलं.” काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अंडं तसंच दिसलं.

मग सूचना झाल्या. दहा तासांपेक्षा जास्त उजेड नाही. आरसा नाही, खण नाही, मका नाही. कॅल्शियम वेळच्या वेळी. पाठीला हात नाही, डोक्यावर चालेल. आणि अंडी तिच्याजवळ ठेवायची. जुन्यांना वास किंवा तडा नसेल तर तीच, नाहीतर लाकडाची मिळतात. काका प्रत्येक सूचनेला मान डोलवत होते. त्यातला उजेडाचा, पाठीचा आणि लाडांचा भाग ताईनं निघताना एका दमात सांगून ठेवला होता.

बाईसाहेब घरी आल्या, मागच्या खोलीत. काकांनी शोकेस रिकामी केली. एकेक अंडं नाकाला लावून, उजेडापुढे धरून पाहिलं, आणि जी चांगली होती ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात ठेवली. बाईसाहेब बराच वेळ लांबूनच बघत राहिल्या. मग सावकाश आल्या. चोचीनं एक अंडं वळवलं, मग दुसरं, मग राहिलेली सगळी एकेक करून पोटाखाली ओढली, आणि जी मावेनात त्यांच्यासाठी पंख जरा पसरले. कॉकटीलला आपली अंडी ओळखू येतात की नाही, काकांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंना विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

दुकानात लोक विचारत, “काका, अंडी कुठे गेली?”

“मालकीण परत घेऊन गेली.”

“अरेरे! छान वाटायचं हो बघायला.”

“हो,” काका म्हणत आणि फ्रेमा पुसत.

संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड पडलं की आतून हाका सुरू होत. एक लांब शीळ, मग थांबणं, उत्तराची वाट बघणं, परत शीळ. काका पलीकडच्या खोलीत पेपर उलटा धरून बसत. “जाऊ नका,” काकू म्हणत. “तुम्ही गेलात की परत संसार सुरू.” पुढे थट्टा करणं काकूंनीही सोडून दिलं.

ताईला सांगायचं राहिलंच होतं. काका रोज फोन हातात घेत, आणि रोज ताईला आता झोपेची गरज असेल असं त्यांना वाटे. शेवटी तिचाच फोन आला. आजी झाल्याची बातमी दिली, बाळाचं नाक कुणावर गेलंय याची चौकशी झाली, आणि मग नेहमीचा प्रश्न: “बाईसाहेब कशा आहेत?”

काकांनी सगळं सांगितलं. दिवे, आरसे, डब्या, फडकं, शोकेस, गिऱ्हाइकांना ‘थांबा’ म्हटलं ते. जे सांगितलं नसतं तरी कुणाला कळलं नसतं, तेही सांगितलं. पलीकडे तान्हं रडत होतं.

“जगलीये ना?” ताईनं विचारलं.

“हो.”

“दोन वर्षांपूर्वी माझ्याकडेही अशीच अडकली होती. म्हणून सांगून गेले होते.”

“कारण सांगितलं असतंस तर...” काकांनी सुरुवात केली आणि तिथेच थांबले. कारण सांगितलं असतं, तरी आपण कापडाची घडीच घातली असती. हे त्यांना स्वच्छ दिसलं.

“ताई, मी तिला आता दुसऱ्या कुणाकडे ठेवू का? डॉक्टरीणबाई ठेवून घेतील म्हणाल्या.”

“काही नको. तुझ्याकडेच राहू दे.” ताईचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात माफी नव्हती आणि रागही नव्हता. “आता घाबरलायस तू. घाबरलेला माणूस नीट करतो.” आणि तिनं फोन ठेवला.

पुढे एका सकाळी बाईसाहेब अंड्यांवरून उठल्या, पंख झटकले आणि परत बसल्या नाहीत. दिवसभर त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “झालं. आता काढा अंडी. हा मोसम संपला.” काकूंनी मोकळा श्वास सोडला. काकांनी अंडी बागेच्या कडेला पुरली, आणि हात धुऊन पिंजऱ्यापाशी आले.

बाईसाहेब दारापाशी सरकल्या आणि डोकं खाली घातलं. काकांनी एका बोटानं तुऱ्याच्या मागे खाजवलं. बाईसाहेबांनी डोळे मिटले. मग त्या वळल्या, काकांकडे पाठ केली, किंचित दबल्या आणि थांबल्या.

काकांनी हात काढून घेतला आणि खिशात घातला. बाईसाहेब तशाच थांबून राहिल्या. मग मान मागे वळवून त्यांनी काकांकडे पाहिलं, आपलं काय चुकलं हे विचारल्यासारखं.

“तुमचं काही नाही,” काका म्हणाले. पण हात त्यांनी खिशातच ठेवला.